बुलेटचा सात इंची ट्विन लीडिंग ब्रेक: बाजारातले नवे शू ड्रमला बसत नाहीत, काय करावं?

कास्टआयर्न_सातारा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नव्वदच्या दशकातली कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ३५० रिस्टोअर करतोय. इंजिन, वायरिंग, रंगकाम झालंय, पुढच्या ब्रेकवर गाडं अडलंय. हब सात इंची, ट्विन लीडिंग शूचं, म्हणजे ड्रमच्या आत घासणाऱ्या दोन्ही कमानींना (शूंना) फिरणारा ड्रम आपल्याकडे ओढून घेतो असं. जुन्या शूंचं लायनर (शूवरचा घर्षणाचा थर) संपून अ‍ॅल्युमिनियम घासायला लागलं होतं म्हणून बाजारातून नवी जोडी आणली. पाकिटावर गाडीचं नाव सोडून काहीच छापलेलं नाही, ना लायनरचा प्रकार ना माप.

लक्षणं अशी. लिव्हर जवळजवळ ग्रिपला टेकते आणि दाबताना स्पंजासारखी लागते. हळू वेगात चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला लिव्हरमध्ये दोनदा धडधड जाणवते. थोडं अंतर चालवून हबला हात लावला तर चांगलंच गरम, पण उतारावर गाडी थांबता थांबत नाही.

व्हर्नियर आणि फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) घेतलेली मापं:

ड्रमचा आतला व्यास: एका दिशेनं १७८.३ मिमी, त्याच्या काटकोनात १७८.५ मिमी.
दोन्ही शू प्लेटवर (शू धरणाऱ्या तबकडीवर) बसवून, आर्म (ब्रेक लावणारे बाहेरचे हात) मोकळे ठेवून, मधोमध बाहेरून बाहेर: १७६.९ मिमी.
सुटा शू हातानं ड्रममध्ये धरून मध्य टेकवला की दोन्ही टोकांना ०.७५ मिमीची फिलर आरामात जाते.
लायनरची जाडी ४ मिमी, चिकटवलेलं, रिव्हेट नाहीत. लायनरची कमान ढोबळ ११० अंशांची.

ड्रमला आतून खडू फासून, ब्रेक हलका धरून चाक फिरवलं तर दोन्ही शूंवर मधोमध दोन बोटं रुंदीचा पट्टाच पांढरा होतो. त्याच पट्ट्यावर काळी, काचेसारखी चमक आली आहे. टोकांना कारखान्यातल्या घासकामाच्या रेषा अजून तशाच आहेत.

रिम आणि स्पोक नवे टाकलेत, चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढून घेतलाय. एक मेकॅनिक म्हणतो, चालवत राहा, घासून घासून बसेल. दुसरा म्हणतो, डिस्क टाका. गाडी बाहेरून मूळ दिसायला हवी, त्यामुळे डिस्क नको आहे. हे शू दुरुस्त होतील का, आणि कोणतं काम आधी, कोणतं नंतर?

ड्रम_आधी (नाशिक)

मापं व्यवस्थित दिलीत, त्यामुळे अंदाजानं बोलायची गरज नाही.

तुमच्याकडे एकावर एक दोष आहेत, पण मुख्य दोष लायनरच्या त्रिज्येचा. ११० अंशांच्या कमानीला टोकाची फट ही ड्रम आणि लायनर यांच्या त्रिज्यांतल्या फरकाच्या साधारण ०.४३ पट येते. फट ०.७५, म्हणजे फरक पावणेदोन मिमीचा. तुमच्या ड्रमची त्रिज्या ८९.२ च्या आसपास आहे, लायनर घासलंय साडेसत्त्याऐंशीला. कारखान्यातला नवा ड्रम सात इंची, म्हणजे १७७.८ मिमी. हे शू त्या नव्याकोऱ्या ड्रमलाही बसले नसते. बनवणाऱ्यानं शू पटकन आत जावा, दुकानातून परत येऊ नये, एवढंच पाहिलंय. ब्रेक लागतो का हे पाहिलेलं नाही.

'घासून बसेल' हा सल्ला पाच-दहा शतांश मिमीच्या फरकाला ठीक आहे. इथे मधलं सव्वा मिमीच्या वर झिजल्यावर मग टोकं टेकणार. तोवर सगळी उष्णता त्या दोन बोटं पट्ट्यावर. लायनरमधलं राळ वर येऊन पृष्ठभाग काचेसारखा होतो, तीच तुमची काळी चमक. एकदा ती चढली की लायनर धड झिजतही नाही आणि धरतही नाही.

आता या लायनरला लेथवर कट मारून जमेल का? तर नाही. हिशोब करा. ड्रम गोल करून घेतल्यावर १७८.६ च्या आसपास येईल. सध्याच्या लायनरची टोकं त्या ड्रमपर्यंत पोचायची तर शू मधोमध सव्वादोन मिमी बाहेर यावा लागेल, आणि शू एका टोकाला पिनेवर खिळलेला असल्यानं कॅमच्या (शूला बाहेर ढकलणाऱ्या तुकड्याच्या) टोकाला त्याच्या दुप्पट, म्हणजे चार मिमीच्या वर उचल लागेल. एवढ्या उचलीला कॅम इतका फिरतो की जोर सुटतो, आणि लायनर आणखी झिजल्यावर कॅम उलटा पडून ब्रेक जाम होण्याचा धोका राहतो. हा धोका चालत्या गाडीच्या पुढच्या चाकाचा आहे, त्यामुळे कॅमखाली जाड पॅकिंग देऊन वेळ मारून नेणं इथे साफ नको.

शूचं अ‍ॅल्युमिनियम ठेवा, लायनर बदला. आत्ताच्यापेक्षा किमान दीड मिमी जाड, म्हणजे साडेपाच, मिळालं तर ६ मिमीचं लायनर चिकटवून घ्या आणि मग तुमच्याच ड्रमच्या मापाला टर्न करा (लेथवर फिरवून कापून घ्या). टोकांना साधारण एक मिमी भर हवी आहे, उरलेलं कट मारायला लागेल.

आणि काहीही झालं तरी ड्रम आधी. शू ड्रमला बसवायचा असतो, ड्रम शूला नाही. तुमचा ड्रम ०.२ मिमी अंडाकृती आहे, दर फेऱ्याला दोन धक्के त्याचेच. स्पोक ताणले की हब ओढला जातो. त्यामुळे चाक विणून, आऊट काढून झाल्यावरच ड्रम टर्न करायचा. सुटा हब टर्न करून मग चाक विणलं की पैसे वाया. तुमचं चाक विणून झालंय, क्रम बरोबर आहे. आता मात्र यापुढे स्पोकना हात लावायचा नाही.

लेथ_कट (कोल्हापूर)

वरच्या हिशोबाशी सहमत. लेथवरचं काम कसं करून घ्यायचं ते सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेक ठिकाणी घाई होते.

*ड्रम.* टायर-ट्यूब काढून चाक न्यायचं. १९ इंची रिमचा बाहेरचा व्यास ५१० मिमीच्या आसपास असतो, म्हणजे लेथच्या सेंटरपासून गॅपमध्ये किमान २६५ मिमी जागा पाहिजे. साध्या सहा फुटी लेथवर चाक मावत नाही, गॅप-बेडचा (चकाजवळ पाटात खोल जागा असलेला) शोधा. आमच्याकडे शिवाजी उद्यमनगरात असे लेथ आहेत, तुम्हाला साताऱ्याहून लांब नाही.

हबमध्ये नवी बेअरिंग आधी बसवा. जुन्या, खेळणाऱ्या बेअरिंगवर टर्न केलेला ड्रम नव्या बेअरिंगवर पुन्हा आऊट येतो. बेअरिंगच्या आतल्या मापाचं मॅन्ड्रेल (काम धरायचा गोल दांडा) करायचं, मधला स्पेसर घालून नट आवळायचा आणि दोन सेंटरांमध्ये धरायचं. फेसप्लेटवर समोरासमोर दोन खुंट्या लावून, त्यांना रबर गुंडाळून, चाक त्या खुंट्यांनी फिरवायचं. स्पोकच्या मुळाशी टेकवा, मधोमध टेकवलं तर स्पोक वाकेल. काहीजण हबची कड थ्री-जॉ चकात धरतात. त्यानं ड्रम चकाला गोल होतो, अ‍ॅक्सलला नाही.

कट मारण्याआधी डायल गेज ड्रमच्या आत लावून चाक हातानं फिरवा आणि सर्वात खोल जागा शोधा. तेवढंच काढायचं, एक शतांशही जास्त नाही. तुमचं काम १७८.५५ ते १७८.६ ला संपायला हवं. मूळ मापापेक्षा ०.८ जास्त. मी स्वतः १ मिमीच्या पुढे जाणार नाही, पुढे ड्रमची भिंत बारीक होते आणि गरम झाल्यावर फाकते. ड्रमच्या तोंडाशी न झिजलेली कडा राहिलेली असते, ती याच वेळी काढून टाका, नाहीतर शूची बाजू तिच्यावर चढते.

वेग मिनिटाला ५० ते ६० फेरे, कार्बाइड टूल, फीड (दर फेऱ्याला टूल सरकण्याचं अंतर) अगदी बारीक. ड्रम घंटेसारखा वाजायला लागला की पृष्ठभागावर लाटा येतात. हबभोवती सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळली की आवाज आणि लाटा दोन्ही थांबतात. फीड जाड ठेवला तर ड्रममध्ये स्क्रूसारखा आटा पडतो. मग ब्रेक दाबला की शू त्या आट्यावरून बाजूला सरकतात आणि टक्क आवाज करून परत येतात. त्यासाठी शेवटी १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर लावून आडवा-तिडवा फिरवायचा.

*शू.* ड्रमचा पक्का आकडा हातात आल्यावरच. शू मोकळे टर्न करायचे नाहीत, तुमच्याच ब्रेक प्लेटवर, तुमच्याच पिनांवर आणि कॅमवर बसवून करायचे. दोन्ही कॅम आणि शू यांच्यामध्ये ०.५ मिमीची स्टीलची शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घाला. यामुळे शू ब्रेक लागतानाच्या जागेवर येतात आणि त्या जागेवर त्यांचा गोल ड्रमशी जुळतो. टर्न करायचं माप ड्रमच्या व्यासापेक्षा ०.२ कमी, तुमच्या बाबतीत १७८.४. काम झाल्यावर शिम काढल्या की मोकळं फिरायला जागा आपोआप मिळते. शिम न घालता ड्रमच्या मापाला टर्न केलं तर चाक आतच जात नाही, आणि कमी मापाला केलं तर पुन्हा मध्यच टेकतो. तुमच्या पाकिटातल्या शूंचं जे झालंय तेच.

प्लेट अ‍ॅक्सलच्या भोकातून मॅन्ड्रेलवर धरायची, भोकात खेळ असेल तर बुश करून. शू मूळ स्प्रिंगांवर भरवसा ठेवून फिरवू नका, बाइंडिंग वायरनं प्लेटला घट्ट बांधा. फिरण्याची दिशा अशी हवी की शूचं कॅमकडचं टोक आधी टूलला भिडेल. मग कापण्याचा जोर शूला पिनेकडे ढकलतो आणि शू बसून राहतो. उलट दिशेनं फिरवलं तर प्रत्येक फेऱ्याला शू पिनेवरून उचलला जातो आणि माप चुकतं. ट्विन लीडिंगमध्ये दोन्ही शूंची दिशा एकच असते, त्यामुळे दोघांना एकच नियम. तुमच्या प्लेटला लेथची सरळ दिशा चालत नसेल तर टूल पालथं लावून उलटं फिरवावं लागेल. आट्याचा चक असेल तर उलट फिरवताना तो सुटून येऊ शकतो, हे लेथवाल्याला आठवण करून द्या.

एका वेळी ०.२ पेक्षा जास्त कट नको. शेवटचे दोन कट ०.१ चे.

धुळीबद्दल गंभीरपणे सांगतो. लायनरवर नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस असं लिहिलेलं नसेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरा. चांगला मास्क, खाली ओला कपडा. हवेच्या पाइपनं फुंकर मारायची नाही, तोंडानंही नाही. जुन्या ड्रममधली धूळसुद्धा ओल्या फडक्यानंच पुसा.

कास्टआयर्न_सातारा

दोघांचे आभार. दोन शंका. इथे ड्रममध्ये पॉलिश पेपर चिकटवून शू त्यावर घासून गोल करतात, ते चालेल का? आणि प्लेटवर शू बसवताना दिसलं की एक शू पिनेवर अडकतो, हातानं ढकलावा लागतो. दुसऱ्या बाजूचा कॅम त्याच्या भोकात हलतो.

पितळी_बुश

पॉलिश पेपरची पद्धत शेवटच्या हातासाठी ठीक आहे, मुख्य आकार देण्यासाठी नाही. ८० नंबरचा पेपर आणि खालची चिकटपट्टी मिळून अर्धा मिमी तरी जाडी होते. म्हणजे तुम्ही शू ड्रमला न घासता ड्रमपेक्षा अर्धा मिमी कमी त्रिज्येच्या गोलाला घासता. ०.५ चा फरक, त्याला ०.४३ नं गुणा, टोकाला दोन दशांश फट राहिली. पाऊण मिमीपेक्षा बरं, पण हातात लेथ असताना कशाला? खडू लावून, जिथे टेकतं तेवढंच कानशीनं हलकं उतरवणं त्यापेक्षा खात्रीचं.

तुमची दुसरी शंका जास्त महत्त्वाची आहे. बाजारातल्या शूंचं ओतकाम आणि भोकं हा वेगळाच विषय आहे आणि लायनर चिकटवायला देण्याआधी हे सगळं उरकायला हवं.

पिनेचं भोक: शू पिनेवर स्वतःच्या वजनानं खाली पडला पाहिजे. अडकत असेल तर आधी पीन पुसून पाहा, गंज किंवा रंग असेल. रिस्टोरेशनमध्ये प्लेटला पावडर कोटिंग करताना पिना झाकायच्या राहतात, हे फार दिसतं. पीन स्वच्छ असूनही अडकत असेल तर भोक रीमरनं (भोक मापात मोठं करायच्या हत्यारानं) पाच ते दहा शतांश मोकळं करा. ड्रिल घालू नका, भोक तीनकोनी होतं आणि शू पुढच्या काठावर झुकतो. बसवताना पिनेवर जास्त तापमानाचं ग्रीस, मोहरीएवढं. जास्त लावलेलं ग्रीस वितळून लायनरवर जातं.

कॅमकडचा माथा: नव्या शूंवर इथे बहुधा ओतकामाचा खडबडीत पृष्ठभाग तसाच असतो. दोन्ही शू शेजारी ठेवून पिनेच्या भोकापासून माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. दोन्हींत तीन-चार दशांशांचा फरक सापडला तर नवल नाही. आधी कानशीनं दोन्ही माथे सपाट आणि भोकाला काटकोनात करा. मग जो कमी भरतो त्याला भरीव टोपी. कच्च्या अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडी कॅम घासून खड्डा पाडतो, त्यामुळे तशीही दोन्ही माथ्यांवर स्टीलची पातळ टोपी असलेली उत्तम. १ मिमी जाडीची पट्टी इंग्रजी यू आकारात वाकवून माथ्यावर घट्ट बसवायची, तेवढं अ‍ॅल्युमिनियम आधी उतरवून. ही टोपी कायमची. लेथवर घालायची ०.५ ची शिम तात्पुरती आणि टोपीच्या वर. दोन्हींत गोंधळ नको.

कॅमचा दांडा भोकात हलतो, म्हणजे तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा आधी दांडा तिरका होतो, मग शू हलतो. स्पंजपणाचा एक भाग इथला आहे. भोक मोठं करून गनमेटलचा बुश बसवायचा, दांडा ०.०५ च्या आसपास खेळेल असा रीम करायचा. दांडाच झिजून पायरी पडली असेल तर आधी दांडा गोल करून बुश त्याच्या मापाचा. बुश दोन्ही बाजूंना करा, एकच केला तर दोन शूंची चाल वेगळी राहते.

रुंदी: ड्रमच्या तळाला किंवा प्लेटला शूची कड घासते का ते कडेला खडू लावून पाहा. घासत असेल तर लायनरची कड कानशीनं उतरवा.

स्प्रिंगा: जुन्या स्प्रिंगा वळ्याला वळी लागून घट्ट असतील तर त्याच वापरा. नव्या पाकिटातल्या बऱ्याचदा जास्त ताठ असतात. हाताचा निम्मा जोर शू परत ओढणाऱ्या स्प्रिंगशी झगडण्यात जातो. हुकाची उघडी बाजू प्लेटकडे ठेवा, ड्रमकडे ठेवली तर टोक ड्रमला ओरखडे पाडतं.

जुनं लायनर काढताना गॅसची ज्योत मारू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं आणि शू फाकतो. छिन्नीनं सोलून, मग लेथवर पाठ स्वच्छ करून घ्यायची. नवं लायनर भट्टीत, पट्ट्यानं आवळून पक्कं करतात. फेव्हिक्विक-अ‍ॅराल्डाइटवर चालवलेलं लायनर गरम झालं की सुटतं आणि सुटलेला तुकडा शू आणि ड्रममध्ये पाचरीसारखा अडकतो.

लायनर निवडताना मऊ जातीचं मागा. ट्रक-टेम्पोचं कडक लायनर टिकतं खूप, पण ते गरम झाल्यावर धरतं. बुलेटच्या ड्रमला तेवढी उष्णता क्वचितच मिळते.

हायवे_३५०

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नंतरच्या मॉडेलचा डिस्कचा पुढचा फोर्क आणि हब टाकणं सोपं नाही का? महामार्गावर शेजारून कार चालतात, त्यांचे ब्रेक आजचे. मूळ दिसण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं, असं मला मनापासून वाटतं.

ड्रम_आधी (नाशिक)

तुमची काळजी योग्य आहे. पण डिस्कसाठी फोर्कचा खालचा पाय, हब, स्पोकांची लांबी, हँडलवरचा मास्टर सिलिंडर, सगळं बदलावं लागतं, आणि त्यांनी नुकतंच विणलेलं चाक उलगडावं लागेल. नीट बसवलेला सात इंची ट्विन लीडिंग या गाडीच्या वेगाला पुरतो. दोन्ही शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर आत ओढले जातात, त्यामुळे हाताच्या जोरात ड्रमचा जोर मिळतो. हे होण्यासाठी लायनर पूर्ण टेकायला हवं, आणि तेच नेमकं आज होत नाहीये. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: चढावर गाडी मागे घसरत असेल तर हाच ब्रेक फार कमी धरतो, कारण उलट दिशेला दोन्ही शू ट्रेलिंग होतात, म्हणजे ड्रम त्यांना ओढून घेण्याऐवजी दूर ढकलतो. तिथे मागचा ब्रेक वापरायचा.

केबल_आणि_कॅम (ठाणे)

जोडणीबद्दल अजून कोणी लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो. उत्तम टर्न केलेले शू चुकीच्या जोडणीनं वाया जातात.

शू टर्न होऊन आले की कॅमकडच्या टोकाला, म्हणजे जे टोक आधी ड्रमला भिडतं तिथे, लायनरला साधारण १२ मिमी लांबीचा उतार कानशीनं द्या. टोकाशी दीड मिमी खोल, आत येताना शून्य. हा उतार नसेल तर धारदार टोक ड्रममध्ये रुततं, ब्रेक किंचाळतो आणि हळू वेगात एकदम पकडतो. पिनेकडच्या टोकाला फक्त धार मोडायची. त्यानंतर लायनरला ऑइलचा हात लागू देऊ नका. बेअरिंगचं सीलही याच वेळी नवं टाका. बेअरिंगचं ग्रीस ड्रममध्ये आलं तर नवं लायनरही फेकावं लागतं, पेट्रोलनं धुऊन ते पूर्वीसारखं होत नाही.

दोन आर्म जोडणारा रॉड: हा ट्विन लीडिंगचा जीव आहे आणि याकडेच सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. चाक गाडीवर बसवल्यावर रॉडची एका टोकाची पीन काढा. केबलचा आर्म हातानं फिरवून त्याचा शू ड्रमला जेमतेम टेकेपर्यंत न्या आणि मदतनिसाला तिथेच धरायला सांगा. आता दुसरा आर्म त्याचा शू टेकेपर्यंत न्या. या स्थितीत रॉडचा क्लेव्हिस (पीन घालायचं टोकाचं दुबेळकं) फिरवून लांबी अशी करा की पीन ठोकावी न लागता बोटानं आत जाईल. लॉकनट आवळा, स्प्लिट पीन टाका. रॉड अर्धा फेरा जरी आखूड-लांब राहिला तरी एकच शू काम करतो, दुसरा फक्त सोबत फिरतो. तुमचा स्पंजपणा थोडाफार याचाही असू शकतो. क्लेव्हिसची भोकं अंडाकृती झाली असतील तर वेल्डिंगनं न भरता नवा क्लेव्हिस टाका.

प्लेट मध्यावर आणणं: अ‍ॅक्सलचा नट ढिला ठेवा, चाक फिरवा, ब्रेक जोरात दाबा आणि दाबून धरूनच नट आवळा. अ‍ॅक्सलच्या भोकात जो थोडा खेळ असतो त्यात प्लेट ड्रमच्या मध्यावर सरकते. दर वेळी चाक काढलं की हे पुन्हा करायचं. प्लेटची फिरकी रोखणारा अँकर त्याच्या जागी पूर्ण बसलाय ना, हे आवळण्याआधी डोळ्यांनी पाहा. तो सुटला तर पहिल्या ब्रेकला प्लेट फिरते आणि चाक जाम होतं.

केबल: ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि आर्म यांच्यात ९० अंशांचा कोन, किंवा त्याहून जरासा कमी यायला हवा. ९० च्या पुढे गेला की प्रत्येक मिमीला जोर कमी होतो. आर्म दांड्याच्या दात्यांवर बसत असेल तर एक दाता मागे घेऊन कोन मिळतो, पण दोन्ही आर्म सारखे फिरवायचे. स्वस्त केबलचं बाहेरचं आवरण दाबलं की आखडतं. कोणाला तरी लिव्हर दाबायला लावून आवरणाकडे पाहा, वळणावर ते साप हलावा तसं हललं तर केबल बदला. जाड आतली तार, कमीत कमी वळणं, हँडल पूर्ण वळवूनही ताण नाही, एवढं पाहिजे.

अ‍ॅडजस्टमेंट: चाक हातानं फिरवताना शू घासल्याचा हलका आवाज येईपर्यंत आवळायचं, मग आवाज थांबेपर्यंत सोडायचं. तुमचा ड्रम आता गोल असेल, त्यामुळे आवाज फेराभर सारखा यावा. फेऱ्यात एकाच जागी येत असेल तर लेथवर परत.

बसवणं: रिकाम्या, सपाट रस्त्यावर, ताशी ४० वरून १५ पर्यंत मध्यम जोरानं उतरवायचं, मग थोडं अंतर ब्रेक न लावता चालवून हब थंड होऊ द्यायचा. असं पंधरा-वीस वेळा. ब्रेक हलका धरून लांबवर ओढत न्यायचं नाही, त्यानंच काचेची चमक चढते. घाटात पहिल्याच दिवशी नेऊ नका.

नंतर चाक काढून लायनर पाहा. दोन्ही शूंवर तीन चतुर्थांश भाग एकसारखा करडा दिसायला हवा. फक्त कॅमकडचं टोक चमकत असेल तर ब्रेक झटक्यानं पकडेल, तिथला उतार दोन-तीन मिमी वाढवा. फक्त पिनेकडचा भाग चमकत असेल तर ब्रेक कितीही दाबला तरी लागणार नाही, तो भाग कानशीनं हलका उतरवा. एक शू पूर्ण आणि दुसरा कोरा दिसला तर शूला हात लावू नका, रॉड पुन्हा जुळवा.

कास्टआयर्न_सातारा

आता क्रम असा धरतो: नवी बेअरिंग आणि सील, ड्रम कोल्हापुरात, मग प्लेटचे बुश, शूची भोकं आणि टोप्या, ६ मिमीचं मऊ लायनर, शेवटी प्लेटवर बसवून टर्निंग. एकच राहिलं. ड्रम आणि शू दोन्ही एकाच फेरीत लेथवाल्याकडे द्यावेत का? लायनर चिकटवणारा पुण्यात आहे.

लेथ_कट (कोल्हापूर)

ड्रम आधी एकटा करून घ्या आणि त्याचा अंतिम व्यास दोन दशांशापर्यंत नाही, शतांशापर्यंत लिहून घ्या. बोअर गेजनं मोजायला सांगा, व्हर्नियर आतल्या व्यासाला फसवतो. मग लायनर, मग दुसरी फेरी. दुसऱ्या वेळी येताना प्लेट, दोन्ही शू, कॅम, आर्म, पिना, स्प्रिंगा आणि ०.५ च्या दोन शिमा हे सगळं एकत्र आणा, आणि चाकही आणा. शू मशीनवरून उतरवण्याआधी शिमा काढून प्लेट ड्रममध्ये घालून पाहता येते. हातानं फिरली पाहिजे आणि आर्म थोडा हलवताच दोन्ही शू टेकले पाहिजेत. तसं झालं नाही तर मॅन्ड्रेल अजून मशीनवरच आहे, आणखी एक दशांश उतरवता येतो. शूंवर आणि प्लेटवर पंचानं खूण करून घ्या, कोणता शू कोणत्या पिनेवर. आतापासून त्यांची अदलाबदल चालणार नाही.